निवड आणि क्रम

'निवडक' हा शब्द मराठीच्या प्राध्यापकाला फार परिचयाचा असतो. आमच्या ग्रंथालयांतील कित्येक कपाटे या एका शब्दाने सुरू होणाऱ्या ग्रंथांनी भरलेली असतात, आणि आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा वाङ्मयाशी येणारा संबंध निवडकापाशी सुरू होऊन निवडकापाशीच संपतो. कवीचे सहा संग्रह. त्यांतल्या पंधरा कविता अभ्यासक्रमात. त्यांतल्या पाच परीक्षेत. मी गेली वीस-बावीस वर्षे हाच व्यवसाय करीत आलो आहे, त्यामुळे निवडीविषयी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार मला फारसा नाही. तरीही गेल्या वर्षी एका निवडीच्या कामात मी असा काही अडकलो की त्यातून सुटण्यासाठी मला इंग्लंडमधील एका रॉक बँडच्या संकलनाकडे जावे लागले. ते संकलन म्हणजे 'एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड'.

५ नोव्हेंबर २००१ रोजी ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. दोन सीडी, सव्वीस रचना, सुमारे अडीच तासांचे ऐकणे. १९६७ ते १९९४ एवढा पट. मी ते २००२ साली विकत घेतले. तासिका तत्त्वावर मिळालेल्या पहिल्या मानधनातून घेतलेली ती पहिली वस्तू. घरी आईला मात्र किंमत निम्मी करून सांगितली होती. घेताना मनात एक अपराधी भावना होती आणि तिचे कारण पैसे हे नव्हते. पिंक फ्लॉइड मला ज्याने ऐकवले, त्याला 'बेस्ट ऑफ' या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता.

तो बी.ए.ला असताना वसतिगृहात माझ्या खोलीत होता. त्याचा एक मामा जहाजावर नोकरीला होता आणि दर सुट्टीत भाच्यासाठी कॅसेटी घेऊन येत असे. आमच्या तालुक्याच्या गावी, जिथे केबलवर सकाळ-संध्याकाळ हिंदी गाणी चालत, तिथे आमच्या खोलीत दिवे मालवून 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकली जाई. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूवर ती पूर्ण मावते आणि दुसऱ्या बाजूवर 'विश यू वेअर हिअर' मावते, हा शोध त्याचाच. त्याचा नियम एकच होता : गाणे पुढे ढकलायचे नाही. आवडो वा न आवडो, बाजू संपेपर्यंत ऐकायची. मी एकदा एका प्रसिद्ध बँडच्या 'बेस्ट ऑफ'ची कॅसेट कुठूनशी आणली, तेव्हा तो म्हणाला, "हे गाइड आहे रे. परीक्षेपुरतं ठीक." त्यानंतर ती कॅसेट आमच्या खोलीत कधी वाजली नाही.

ज्यांना या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडेसे. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. लाँगप्लेची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटे चालते, तर एक रचना तेवढी का असू नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून जे घडले त्याला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले गेले. त्यात पुष्कळ आडंबरही होते. तीस वादकांचे काम दोन हातांनी करून दाखवण्याची हौस होती. पिंक फ्लॉइडला या गटात बसवावे की नाही यावर जाणकारांत वाद आहे, कारण या मंडळींना वेगाची आणि कसरतीची हौस नव्हती. त्यांची हौस अवकाशाची. 'मनी' हे गाणे सात मात्रांत चालते. आपल्याकडील रूपकाची सवय असलेल्या कानाला ते अवघड वाटू नये. पण गिटारचे वादन सुरू होताच ते सरळ चारच्या चालीत येते आणि वादकाला मोकळा श्वास मिळतो. अवघड ते दाखवायचे, पण त्यात अडकून पडायचे नाही, ही या बँडची वृत्ती मला तिथे दिसते.

अशा बँडचे 'निवडक' काढणे म्हणजे मुळातच अवघड काम. कादंबरीतील उत्तम प्रकरणांचा संग्रह काढण्यासारखे. यापूर्वी त्यांची संकलने निघाली नव्हती असे नाही. १९८१ साली निघालेल्या एकाला त्यांनी 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज' असे नाव दिले होते. ज्या संगीतावर कुणी कधी नाचले नसेल त्याला नृत्यगीते म्हणणे ही संकलन या प्रकाराचीच थट्टा होती. त्या वेळी 'मनी'चे हक्क दुसऱ्या कंपनीकडे अडकल्यामुळे डेव्हिड गिल्मरने ते गाणे बहुतांश वाद्ये स्वतः वाजवून नव्याने ध्वनिमुद्रित केले. म्हणजे निवडकातले गाणे मुळातले नव्हतेच.

'एकोज'मध्ये अशी थट्टा नाही. रॉजर वॉटर्स १९८५ साली बँड सोडून गेला होता, नावाच्या हक्कावरून कोर्टाची भाषा झाली होती, गिल्मर आणि वॉटर्स यांच्यात सौहार्द उरले नव्हते. तरी या निवडीला चौघांची, म्हणजे त्या दोघांसह निक मेसन आणि रिचर्ड राइट यांची, संमती होती. त्यांचा जुना सहकारी, ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री याने या सव्वीस रचना एकमेकींत विरघळवून दोन सलग प्रवाह तयार केले. कालानुक्रम पूर्णपणे मोडला. १९६७च्या गाण्यानंतर १९७९चे येते, १९७१च्या रचनेनंतर पुन्हा १९७९, मग १९९४.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हे सगळे अक्षम्य वाटले होते. ज्या रचनेचे नाव संकलनाला दिले, ती 'एकोज', मूळची साडेतेवीस मिनिटांची. तिची १९७१ सालच्या 'मेडल'ची संपूर्ण दुसरी बाजू. येथे ती कापून साडेसोळा मिनिटांवर आणली आहे. राइटच्या पियानोच्या एका एकाकी स्वराने ती सुरू होते, पाण्यात खोल कुठेतरी थेंब पडावा तसा. आणि मधल्या भागात सगळे सूर विरून नुसते वाऱ्यासारखे, पक्ष्यांच्या चीत्कारांसारखे ध्वनी उरतात. काटछाटीचा भार मुख्यतः लांबलेल्या वादनावर पडला आहे. पण त्या ओसाड प्रदेशातून पुरेसा वेळ चालल्याशिवाय परतीच्या स्वरांचे मोलच कळत नाही. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चे नऊ भाग मूळ अल्बममध्ये दोन टोकांना विभागलेले होते; येथे त्यांतले सात एकत्र शिवले आहेत, तेही काटून. 'टाइम' संपल्यावर ज्याच्या कानाला 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची सवय, त्याला येथे भलतेच गाणे भेटते आणि दारातून आपल्या घरात शिरावे तर आत दुसऱ्याचेच बिऱ्हाड असावे तसे होते. 'ॲटम हार्ट मदर'मधले काहीच नाही. 'ॲनिमल्स'मधून केवळ 'शीप'. माझा खोलीसोबती हे ऐकता तर काय म्हणाला असता, ते मला ठाऊक होते.

पण त्याला ऐकवायला तो तिथे नव्हता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी त्याचे काहीतरी बिनसत गेले. आधी तो रात्री झोपेनासा झाला, मग वर्गात येईनासा. दोन वर्षे महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्याच्या कविता आल्या होत्या, तीन एकूण. तिसऱ्या वर्षी त्याने काही दिले नाही. कॅसेट लावायचा, पण बाजू संपली तरी उठायचा नाही. आम्हाला वाटले, प्रेमभंग असेल. त्या वयात सगळ्या दुःखांना आम्ही तेच नाव देत असू. परीक्षेनंतर पुण्याला एम.ए.ला जायचे ठरले, तिघांनी एकत्र खोली घ्यायची असे वर्षभर घोकलेले. खोलीमालकाला नावे कळवायची वेळ आली तेव्हा कुणीतरी विचारले, त्याचे काय करायचे? कुणी उत्तर दिले नाही. पत्र दोन नावांचे गेले. आजाराला वैद्यकीय नाव आहे हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि कळल्यावरही आम्ही काही केले नाही.

हे लिहिताना सिड बॅरेटची गोष्ट सांगणे मला टाळता येणार नाही. पिंक फ्लॉइडचा पहिला गायक, गिटारवादक आणि कवी बॅरेटच होता. केंब्रिजचा, वॉटर्स आणि गिल्मर हेही तिथलेच. १९६७चा पहिला अल्बम जवळजवळ सगळा त्याच्या प्रतिभेचा. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे मन ढासळू लागले. मंचावर तो एकच स्वर वाजवत उभा राहू लागला, कधी काहीच वाजवेना. त्याचा मित्र गिल्मर याला मदतीला घेतले गेले आणि काही दिवस पाच जणांचा बँड होता. मग जानेवारी १९६८मध्ये एका दिवशी साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला जाताना गाडीत कुणीतरी विचारले, सिडला घ्यायचे का? नको, असे ठरले. गाडी त्याच्या घराकडे वळलीच नाही. भांडण नाही, निरोप नाही. त्या दिवसानंतर तो त्यांच्याबरोबर पुन्हा कधी मंचावर उभा राहिला नाही. एप्रिलमध्ये तो बँडमध्ये नसल्याचे जाहीर झाले.

५ जून १९७५ रोजी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत 'शाइन ऑन'चे काम चालू होते. बॅरेटसाठीच लिहिलेली रचना. तेव्हा एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखले नाही. तो बॅरेट होता. या प्रसंगाची दंतकथा झाली आहे आणि रॉकवरच्या लेखनात ती नको इतकी वापरली जाते. मलाही ती सांगताना संकोच वाटतो. पण न ओळखणे ही गोष्ट दंतकथेतल्यासारखी गूढ नसते. मी ती केलेली आहे. २००९च्या सुमारास आमच्या गावच्या एस.टी. स्थानकावर एका बाकावर तो बसलेला होता, आणि मी त्याच्यासमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने हाक मारली.

त्याआधी दोन वर्षे, २००७च्या फेब्रुवारीत, वॉटर्स मुंबईत येऊन 'डार्क साइड' सलग सादर करून गेला होता. त्याला कळवावे असे तेव्हा मनात आले होते. कळवले नाही, आणि मग मीही गेलो नाही.

असो. गेल्या वर्षीच्या कामाकडे येतो. आमच्या महाविद्यालयाचा हीरक महोत्सव होता. (ज्या महाविद्यालयात शिकलो तिथेच शिकवण्याचे भाग्य, की आणखी काही, माझ्या वाट्याला आले आहे.) साठ वर्षांच्या वार्षिकांकांतून निवडक साहित्याचा एक ग्रंथ काढायचा ठरले आणि संपादनाचे काम मराठी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आले. दोनशे पृष्ठे, कालानुक्रम, प्रत्येक लेखकाच्या नावाखाली दोन ओळींचा परिचय : त्या वर्षी कोणत्या वर्गात होता आणि सध्या काय करतो. पहिली यादी मी आठ दिवसांत केली. अनेक अधिकारी झाले होते, दोन आमदार झाले होते, चारपाच खरोखरचे लेखक झाले होते. त्याच्या तीन कविता मी यादीत घेतल्या नाहीत. स्वतःला कारण दिले की तीन कविता म्हणजे काही कर्तृत्व नव्हे. खरे कारण परिचयाच्या दुसऱ्या ओळीत होते. 'सध्या' या शब्दापुढे काय लिहावे ते मला सुचत नव्हते, आणि जे ठाऊक होते ते लिहवत नव्हते.

त्या दिवसांत कधीतरी, मुलीला सीडी म्हणजे काय ते दाखवण्याच्या निमित्ताने, 'एकोज'चा संच कपाटातून बाहेर आला. मी तो कित्येक वर्षांनी ऐकला. ऐकता ऐकता वेष्टनावरची यादी समोर धरली. आणि संपादकाच्या नजरेने पाहू लागलो, तेव्हा जे वीस वर्षे कानावरून गेले होते ते दिसले.

संकलनातले पहिले गाणे 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने'. बॅरेटचे. शेवटचे, सव्विसावे, 'बाइक'. तेही बॅरेटचे. ज्याला हा बँड जेमतेम तीन वर्षे लाभला, त्याच्या नावावर सव्वीसपैकी पाच गाणी; वॉटर्स गेल्यानंतरच्या दोन अल्बमांतूनही पाचच. दुसरी सीडी उघडते ती 'शाइन ऑन'ने, म्हणजे त्याच्यासाठीच्या गाण्याने. पुढे नववे गाणे 'आर्नल्ड लेन', १९६७चे त्याचे पहिले एकल गीत. अकरावे 'जगबँड ब्लूज', बँडबरोबरचे त्याचे अखेरचे, ज्यात साल्व्हेशन आर्मीच्या वाद्यवृंदाला बोलावून भलताच गलका करवला आहे आणि मग एकटी गिटार उरते. या दोहोंच्या बरोबर मध्ये, दहावे, 'विश यू वेअर हिअर'. नसलेल्या माणसाला उद्देशून लिहिलेले गाणे त्या माणसाच्या पहिल्या आणि शेवटच्या गाण्यांमध्ये ठेवले आहे. यावर वेष्टनात टीप नाही, प्रस्तावना नाही. कालानुक्रम पाळला असता तर ही पाचही गाणी सुरुवातीच्या वीस मिनिटांत येऊन गेली असती, 'आरंभीचा कालखंड' म्हणून, आणि तो माणूस त्यानंतर दोन तास कुठेच नसता.

'द फ्लेचर मेमोरियल होम' मला 'टाइम'च्या पुढे उपरे वाटत होते. पण फ्लेचर हे वॉटर्सच्या वडिलांचे मधले नाव. १९४४ साली इटलीत आन्झिओच्या लढाईत ते मारले गेले तेव्हा मुलगा पाच महिन्यांचा होता. दोन गाण्यांनंतर 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' येते, ते त्याच मृत्यूचे. तेव्हा दुसऱ्या सीडीवर दोन अनुपस्थित माणसे आहेत. म्हणून 'टाइम'चा सांधा मला आता सुंदर वाटतो असे नाही; कानाला तो अजूनही खटकतो. मात्र त्यामागे कोणाची तरी बुद्धी होती हे मान्य करावे लागते. 'एकोज'ची कापाकापीही मला अद्याप मंजूर नाही. आणि गंमत अशी की २०१० साली याच बँडने लंडनच्या उच्च न्यायालयात ईएमआय कंपनीविरुद्ध दाद मागितली, अल्बम फोडून सुटी गाणी विकू नयेत म्हणून, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुसऱ्याने फोडायचे नाही, आम्ही फोडू, असाच त्याचा अर्थ होतो. लेखकाला तो अधिकार असतो. संपादकाला किती असावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बॅरेट तेव्हा हयात होता, केंब्रिजमध्ये, आपल्या मूळच्या रॉजर या नावाने; चित्रे काढी, बाग पाही, कुणाला भेटत नसे. त्याच्या गाण्यांचे मानधन त्याला नीट मिळावे याची काळजी गिल्मर घेई. लाखोंनी खपणाऱ्या संकलनात पाच गाणी असणे याला रोकड अर्थही होता. तो ७ जुलै २००६ रोजी गेला, साठाव्या वर्षी. राइट २००८मध्ये. चौघे त्याआधी एकदा, २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, एकत्र वाजवून घेऊ शकले, आणि 'विश यू वेअर हिअर' सुरू करताना वॉटर्सने सिडचे नाव घेतले. गाडी न वळल्याला तोवर सदतीस वर्षे होऊन गेली होती.

मी यादी पुन्हा केली. समितीतील ज्येष्ठ सहकाऱ्यांचा कालानुक्रमाचा आग्रह होता आणि त्यांच्याशी भांडण्याइतका जोर माझ्या अंगी नाही. त्यामुळे क्रम होता तोच राहिला. परिचय मात्र मी सगळ्यांचेच काढून टाकले. अधिकाऱ्यांचे, आमदारांचे, सगळ्यांचे. नाव, वर्ग, वर्ष, बस. त्यावरून थोडी नाराजी झाली, एका आमदारांच्या स्वीय सहायकांचा फोनही आला. तीन कवितांपैकी दोन घेतल्या. तिसरी मला तेव्हाही कच्ची वाटली होती, आताही वाटते. दयेपोटी ती घेतली असती तर त्याने मला गाइड म्हटले असते.

छापण्याआधी परवानगी घ्यायची म्हणून त्याच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला. ते शेतावर गेलेत म्हणाल्या, म्हणजे त्याचा थोरला भाऊ. आणि भाऊजी इथेच आहेत, देते. मी बराच वेळ बोललो. हीरक महोत्सव, ग्रंथ, दोन कविता, सगळे एका दमात. पलीकडे काहीच आवाज नव्हता. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो म्हटले.

"दुसऱ्या कवितेत तिसऱ्या ओळीत 'पार'चं 'फार' छापलंय त्यांनी," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णव सालापासून तसंच आहे. ते नीट कर."

मी अंक काढून पाहिला. तसेच होते.